वकिलाचा मोबदला आणि कर्माचे फळ

न्यायासनापुढे दुसऱ्याच्या वतीने उभे राहून बोलण्याचे पैसे घेणे धर्माला धरून आहे का, आणि असेल तर ते पैसे कोणत्या मापाने घ्यावेत, हा प्रश्न वरवर पाहता सनद, मुद्रांक, फी आणि शिस्तभंगाची कारवाई यांच्या रूक्ष कारभारातला वाटतो. परंतु कर्म आणि त्याचे फळ यांच्या संबंधाचा विचार ज्या समाजात कीर्तनापासून भाष्यग्रंथांपर्यंत सतत होत आला आहे, तेथे तो निव्वळ कारभाराचा राहत नाही. शेगावात तर तो विशेष धारदार होतो. गजानन महाराजांच्या हयातीतच, १९०८ साली स्थापन झालेल्या येथील संस्थानात सेवाधारी पाळीपाळीने येतात, दर्शनाची रांग लावण्यापासून महाप्रसादाच्या पंगतीपर्यंत पडेल ते काम करतात आणि त्याबद्दल वेतन घेत नाहीत. दीर्घकाळ व्यवस्थापकीय विश्वस्त राहिलेल्या शिवशंकरभाऊ पाटलांची निःस्पृहता तर सबंध महाराष्ट्रात आदराने सांगितली जाते. सेवेचा असा आदर्श रोज डोळ्यांपुढे असताना, अडलेल्या माणसाकडून पैसे मोजून घेऊन त्याची बाजू मांडणारा वकील आपोआप खालच्या पायरीवरचा ठरतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ही पायऱ्यांची मांडणी तपासली, तर ती टिकत नाही. दोष मोबदल्यात नसून तो कशाला बांधला जातो यात आहे, आणि व्यवसायाचे कोरडे वाटणारे नियम नेमकी हीच गाठ सोडवू पाहतात.

महाराजांच्या चरित्रातच न्यायालयाचा एक प्रसंग आहे. दासगणूंच्या 'श्रीगजाननविजय' ग्रंथात येणाऱ्या कथेनुसार, महाराज दिगंबर अवस्थेत वावरतात म्हणून पोलिसांनी त्यांच्यावर खटला भरला आणि तो बापूराव जठार या अधिकाऱ्यापुढे आला. अकोल्याचे वकील व्यंकटराव देसाई दुसऱ्याच कामासाठी तेथे आले होते. हकिगत कळताच त्यांना वाईट वाटले आणि अशा पुरुषावर खटला चालवू नये, अशी विनंती त्यांनी जठारांना केली. जठारांचे म्हणणे असे पडले की, हा विचार पोलिसांनी आधीच करायला हवा होता; खटला दाखल झाल्यावर कायद्याप्रमाणे चालणे भाग आहे, आणि हे वकिलाला वेगळे सांगायला नको. महाराजांना आणण्यात आले. नग्न फिरणे कायद्याविरुद्ध असल्याचे सांगून कारण विचारले असता, त्यांनी अधिकाऱ्यालाच नसत्या उठाठेवी सोडून चिलीम भरायला सांगितले. या उत्तराने जठारांना समोरच्या पुरुषाची योग्यता उमगली आणि त्यांनी निर्णय दिला तो असा की, अग्निहोत्राचा अग्नी पवित्र असला तरी तो कुंडात सांभाळण्याची जबाबदारी त्याची सेवा करणाऱ्यांवर असते. म्हणून दोष शिष्याचा, आणि दंड पाच रुपये, तोही भास्कर पाटलांना.

या कथेकडे भाविक महाराजांच्या अलिप्ततेसाठी पाहतात आणि ते योग्यच आहे. परंतु कर्तव्याच्या विचारासाठी तिच्यातील इतर दोन माणसेही तितकीच महत्त्वाची आहेत. जठारांनी कायदा गुंडाळून ठेवला नाही आणि महाराजांचा अवमानही केला नाही. जबाबदारी कोणाची, हा खास न्यायाधीशाचा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याचे उत्तर कायद्याच्या चौकटीतच शोधले. देसाई मात्र त्या खटल्यात कोणाचेच वकील नव्हते. त्यांना कोणी नेमले नव्हते, त्यांनी फी घेतली नव्हती, ते केवळ कळकळीने बोलले. ही कळकळ थोर खरी, पण कोणी विचारल्याशिवाय दुसऱ्याची बाजू मांडण्याचा अधिकार धर्मशास्त्राने सरसकट दिलेला नाही. नारदस्मृतीत व्यवहाराचे, म्हणजे न्यायालयीन वादाचे, नियम सांगताना असे म्हटले आहे की, जो पक्षकाराचा बाप, भाऊ वा मुलगा नाही आणि ज्याला नेमलेलेही नाही, त्याने दुसऱ्याच्या वतीने बोलल्यास तो दंडाला पात्र होतो. नियम कठोर वाटतो, पण त्यामागचे कारण स्पष्ट आहे. दुसऱ्याच्या घरादाराचे, जमिनीचे, अब्रूचे बरेवाईट ज्याच्या शब्दावर ठरायचे, त्याला त्या शब्दाबद्दल कोणाला तरी उत्तर द्यावे लागले पाहिजे.

मोबदल्याचे समर्थन येथूनच सुरू होते. इंग्लंडमध्ये बॅरिस्टरची फी हा कायद्याने मोबदला नव्हेच, तर कृतज्ञतेपोटी दिलेला नजराणा आहे, असे दीर्घकाळ मानले गेले. म्हणून त्याला फीसाठी दावा लावता येत नसे, हे १८६३ च्या केनेडी विरुद्ध ब्राउन या खटल्यात ठामपणे सांगितले गेले. ही भूमिका ऐकायला उदात्त वाटते. पण तिच्या सोबतीनेच दुसरी गोष्ट नांदत होती, ती म्हणजे बॅरिस्टरने हलगर्जीपणाने खटला बुडवला तर अशिलालाही त्याच्यावर दावा लावता येत नसे. हिंदुस्थानात १९२६ साली वकिलांच्या फीविषयी जो लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) अ‍ॅक्ट झाला, त्याने या दोन्ही गोष्टी एकदमच बदलल्या: वकिलाला ठरलेल्या फीसाठी दावा लावण्याचा हक्क दिला आणि त्याच कायद्यात, हलगर्जीपणाबद्दल त्याच्यावर दावा लावता येईल, हेही सांगून टाकले. नजराणा घेणारा उपकारकर्ता असतो आणि उपकारकर्त्याला जाब विचारता येत नाही. फी घेणाऱ्याला विचारता येतो. मोबदला हे उत्तरदायित्वाचे दुसरे अंग आहे, असे या कायद्याने न बोलता मान्य केले. दुबळ्या अशिलाच्या बाजूने पाहिले तर नजराण्यापेक्षा फीच अधिक धर्म्य ठरते.

हे उत्तरदायित्व ज्या कागदावर उतरते तो वकालतनामा पाहण्यासारखा आहे. एका पानाचा हा छापील नमुना. वर न्यायालयाचे नाव, दाव्याचा क्रमांक, वादी-प्रतिवादींची नावे, खाली अशिलाची सही किंवा डाव्या अंगठ्याची निशाणी, आणि त्याखाली वकिलाने स्वतःच्या हाताने केलेली स्वीकृतीची सही. कोपऱ्यात कोर्ट फीचा मुद्रांक आणि जवळच वकील कल्याण निधीचे तिकीट. यातली वकिलाची सही विशेष बोलकी आहे. नेमणूक एकतर्फी होत नाही, ती स्वीकारावी लागते, आणि स्वीकारल्यावर पुरेसे कारण व पुरेशी सूचना दिल्याशिवाय काम सोडता येत नाही. कज्जा संपला किंवा वकील बदलला तर अशिलाचे कागद अशिलाला परत द्यावे लागतात. फी थकली म्हणून सातबारा, खरेदीखत, जुन्या पावत्या अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली निःसंदिग्धपणे ठरवले. फीचा दावा लावावा, पण फाइल गहाण ठेवू नये. दुकानदाराला किंवा कारागिराला जो ताबा ठेवण्याचा हक्क कायदा देतो, तो वकिलाला नाकारला जातो, कारण त्या कागदांवर दुसऱ्याचा न्याय अवलंबून असतो.

मोबदला निकालाशी जोडावा का, हा यापुढचा आणि अधिक अवघड प्रश्न. याज्ञवल्क्यस्मृतीत असे सांगितले आहे की, देणे सिद्ध झाल्यावर ऋणकोकडून राजाने शेकडा दहा घ्यावेत आणि धन परत मिळालेल्या सावकाराकडून शेकडा पाच. पेशवाईच्या न्यायपद्धतीतही हीच कल्पना वेगळ्या नावांनी वावरते. खटला जिंकणाऱ्याकडून जी रक्कम घेतली जाई तिला हरकी म्हणत आणि हरणाऱ्याकडून जी घेतली जाई तिला गुन्हेगारी म्हणत. गोतसभेपुढे वादी-प्रतिवादी, त्या काळच्या भाषेत अग्रवादी आणि पश्चिमवादी, आपापली तकरीर, म्हणजे लेखी जबानी, स्वतः देत, पंचांचा निर्णय मान्य करू असा राजीनामा आणि जामीनकतबा लिहून देत. पोट भरण्यासाठी दुसऱ्याची बाजू मांडणारा वर्ग तेथे जवळजवळ नव्हताच. म्हणजे निकालाच्या फळातला वाटा घेणारे सरकार होते, वकील नव्हे. प्रवेशाच्या दारावर मात्र फारसे काही मोजावे लागत नसे. इंग्रजी अमलात, विशेषतः १८७० च्या कोर्ट फी कायद्यानंतर, हे उलटे झाले. दाव्याच्या मूल्यावर आधारलेली फी आता दावा दाखल करतानाच भरावी लागू लागली, मग निकाल काहीही लागो. निकालाशी फी न जोडणे हे वकिलाच्या बाबतीत शुद्धीचे लक्षण असले, तरी राज्यसंस्थेच्या बाबतीत ते गरिबाच्या वाटेतली धोंड ठरते. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील कायदा आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात न्याय हा विक्रीचा माल नाही या अंगाने कोर्ट फीवर कठोर टीका केली होती. त्यानंतर लगेच १९५९ साली मुंबई राज्याने कोर्ट फीचा स्वतंत्र कायदा केला, आणि मूल्यावर आधारलेली फी त्यातही राहिलीच.

प्रतिनिधीच्या मोबदल्याविषयी सर्वांत स्पष्ट उल्लेख शुक्रनीतीत सापडतो. जो पक्षकार अडाणी आहे, आजारी आहे, वृद्ध आहे किंवा दुसऱ्या कामात अडकला आहे, त्याने व्यवहार आणि धर्म दोन्ही जाणणारा प्रतिनिधी नेमावा आणि त्याला वादविषयाच्या मूल्याचा सोळावा भाग द्यावा. मूल्य वाढत जाईल तसा हा भाग विसावा, चाळिसावा, ऐंशीवा असा उतरत जावा, असे तेथे सांगितले आहे. ग्रंथ किती जुना, याविषयी अभ्यासकांत मोठा मतभेद आहे आणि त्याचे सध्याचे रूप बरेच अर्वाचीन असल्याचे अनेकांचे मत आहे. म्हणून त्यावरून प्राचीन भारतात वकिली होती असा सिद्धांत काढणे धाडसाचे होईल. विचार म्हणून मात्र तो मोलाचा आहे. दर मूल्यावर बसवला तरी तो उतरता ठेवण्यात हे ध्यानात घेतलेले दिसते की, लाखाच्या दाव्यात हजाराच्या दाव्यापेक्षा शंभरपट कष्ट पडत नाहीत. मोबदला श्रमाचा असावा, दुसऱ्याच्या संपत्तीत भागीदारीचा नव्हे, ही जाणीव त्या उतरत्या दरात दडलेली आहे.

हीच जाणीव १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका वेगळ्या रूपात आली. मुंबईतील एका ज्येष्ठ वकिलाने अशिलाशी असा करार केला होता की, जे काही वसूल होईल त्यातला निम्मा भाग फी म्हणून घ्यायचा. न्यायालयाने या ठिकाणी मार्मिक भेद केला. दुसऱ्याच्या दाव्याला पैसा पुरवून फळात वाटा मागण्याचा करार सामान्य माणसाने केला तर इंग्लंडातल्याप्रमाणे तो येथे सरसकट बेकायदा ठरत नाही. वकिलाने केला तर मात्र ते व्यावसायिक गैरवर्तन होय. वस्तुस्थिती तीच, करार तोच, आणि तरी एकाला मोकळीक, दुसऱ्याला बंदी, याचे कारण वकील केवळ अशिलाचा माणूस नसतो. तो न्यायालयाचाही अधिकारी असतो. ज्या साक्षीदाराने खरे सांगितले तर वकिलाचा निम्मा वाटा बुडतो, त्या साक्षीदाराला खरे सांगू देण्याचे कर्तव्य त्याच वकिलाकडून अपेक्षावे, ही माणसाच्या मनाची क्रूर परीक्षा आहे. पुढे बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत हे तत्त्व स्पष्ट शब्दांत आले, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने दाव्यात मिळालेल्या रकमेच्या टक्केवारीवर फी ठरवण्याची पद्धत पुन्हा एकदा अमान्य केली.

गीतेतला निष्काम कर्माचा विचार आणि व्यवसायाचा हा नियम येथे एकमेकांच्या अगदी जवळ येतात. फलत्याग म्हणजे वेतनत्याग, असा अर्थ भाबडेपणाने अनेकदा केला जातो. पण शेतकऱ्याने धान्य घरी आणू नये किंवा शिक्षकाने पगार घेऊ नये, असे कर्मयोग सांगत नाही. कर्माची प्रेरणा फळ नसावी, एवढेच त्याचे म्हणणे आहे. वकिलाच्या कर्माचे फळ म्हणजे निकाल, आणि त्याची उपजीविका म्हणजे फी. या दोहोंची सांगड तोडा, असे जेव्हा नियम सांगतो, तेव्हा वकिलाला हरण्याचीही मोकळीक मिळते, आणि ती मोकळीक असल्याशिवाय सत्य बोलणे त्याला परवडत नाही. लोकमान्य टिळकांवरील १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्याशी शेगावचा एक धागा जोडलेला आहे. अमरावतीचे नामवंत वकील दादासाहेब खापर्डे यांनी कोल्हटकर नावाच्या गृहस्थांना महाराजांकडे पाठवले आणि महाराजांनी टिळकांसाठी भाकरीचा प्रसाद दिला, ही हकिगत चरित्रात आहे. टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर. त्यांनी त्या खटल्यात आपला बचाव आपणच केला. शिक्षा झाल्यावर खापर्डे वऱ्हाडातली भरभराटीची वकिली सोडून टिळकांच्या अपिलासाठी विलायतेला गेले आणि दोन वर्षे तेथे राहिले. अपिलाला यश आले नाही, मागे वकिलीची घडी मोडली. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात कर्मयोगाचे विवरण लिहिले, ते 'गीतारहस्य' म्हणून १९१५ साली प्रसिद्ध झाले. खापर्ड्यांनी त्याच काळात तो योग आचरून दाखवला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. मात्र त्यांचे उदाहरण नियम म्हणून सर्व वकिलांवर लादणे अन्यायाचे होईल. ज्याच्याकडे सोडण्याजोगे काही आहे त्याचा त्याग आणि ज्याचे घर महिन्याच्या फीवर चालते त्याची सचोटी, या दोन वेगळ्या कसोट्या आहेत.

सचोटीची ही कसोटी कोणी लावायची, यावरही कारभाराचे नियम बोलतात. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टनुसार प्लीडर आणि मुखत्यार यांना मुद्रांकित सनद घेऊन ती वेळोवेळी नवी करावी लागे आणि शिक्षेचा अधिकार न्यायालयांकडे असे. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने हे वर्ग मोडून एकच वर्ग केला, नोंदणीची फी कायद्यातच २५० रुपये ठरवली, आणि शिस्तीचा अधिकार वकिलांनीच निवडलेल्या बार काउन्सिलांना दिला. नोंदणीची ही रक्कम १९९३ मध्ये राज्य बार काउन्सिलसाठी ६०० आणि केंद्रीय काउन्सिलसाठी १५० झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ती १०० आणि २५ आहे. प्रत्यक्षात अनेक राज्यांत इतर नावांखाली हजारो रुपये घेतले जात होते, ते बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाला २०२४ साली सांगावे लागले. शिस्तीचा अधिकार कोणाकडे असावा, हा प्रश्न आयर्लंडने वेगळ्या वाटेने सोडवला. तेथे अशिलांची कागदपत्रे आणि व्यवहार सांभाळणाऱ्या वकिलांना, म्हणजे सॉलिसिटरांना, नियमात ठेवण्यासाठी १९५४ साली कायदा झाला आणि नोंदवहीतून नाव काढण्याचा अधिकार त्यांच्याच लॉ सोसायटीच्या शिस्तपालन समितीला मिळाला. १९५८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. एखाद्याचा व्यवसायच काढून घेणे इतके गंभीर आहे की ते न्यायदानच होय, आणि न्यायदान न्यायाधीशांनीच करावे, असा त्यामागचा विचार होता. १९६० साली कायदा दुरुस्त करून तो अधिकार हायकोर्टाकडे देण्यात आला. सहकाऱ्याचा दोष सहकाऱ्याने पाहावा की तिऱ्हाइताने, यावर भारतीय कायद्याने पहिल्या बाजूला कौल देऊन सर्वोच्च न्यायालयात अपिलाची वाट ठेवली. आयरिश न्यायालयाची भूमिका अधिक पटणारी आहे, कारण गोताने गोताचा न्याय करण्यात जी भीड असते ती मराठी मुलखाला पुरेपूर ठाऊक आहे.

टक्केवारीच्या बंदीवर एक आक्षेप उरतो आणि तो टाळण्यासारखा नाही. पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पासारख्या कामांसाठी बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित झाल्या, की वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात जावे लागते; आणि ज्याची जमीनच गेली त्याच्याकडे आगाऊ फी कोठून येणार? मिळाल्यावर द्या, न मिळाल्यास देऊ नका, असे म्हणणारा वकील अशा वेळी लोभी नव्हे, तर एकमेव आधार वाटतो. हा आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तर वकिलाला फळात भागीदार करणे हे नाही, कारण तडजोड कधी करावी, अपील करावे की नाही, हे तेव्हा शेतकऱ्याच्या गरजेवर न ठरता भागीदाराच्या घाईवर ठरू लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेतील तेहतिसावी ऑर्डर निर्धन माणसाला कोर्ट फी न भरता दावा लावू देते. तरीही ती फी माफ होत नाही, फक्त पुढे ढकलली जाते, आणि तो जिंकल्यास वादविषयावर तिचा पहिला बोजा चढतो. राज्यघटनेत १९७६ साली आलेल्या ३९-अ या अनुच्छेदाने मोफत विधी सहाय्याचे कर्तव्य राज्यावर टाकले आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आला. त्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, कोठडीतील माणसे आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असणारे यांना तालुका समितीकडे साधा अर्ज करून वकील मागता येतो, त्याचे पैसे शासन देते आणि कोर्ट फीचा भारही उचलते. अशा वकिलाला मिळणारा मोबदला तुटपुंजा असतो, म्हणून अनुभवी माणसे या यादीत नाव घालायला नाखूश असतात. कर्मयोगाचा नियम वकिलाकडून पाळून घ्यायचा असेल, तर निकालापासून तोडलेली त्याची फी जगण्यापुरती तरी ठेवणे हे राज्याचे ऋण आहे, आणि ते ऋण अद्याप फिटलेले नाही.